टँकर आला तो तास

सहावीचा वर्ग, तिसरा तास इंग्रजीचा. पाठाखाली स्वाध्याय होता: सुट्टीत तुम्ही थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आलात, तिथल्या गमती मित्राला पत्राने कळवा. वर्गातले कुणीही अशा ठिकाणी गेलेले नव्हते, म्हणून पत्र मीच फळ्यावर लिहिले होते आणि मुले ते वहीत उतरवत होती. तेवढ्यात वेशीकडून हॉर्न ऐकू आला. पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, टँकर आलाय. आय रानात गेलीय. जाऊ?" मी मान हलवायच्या आत ती दाराबाहेर होती. तिच्यामागून आणखी सहा-सात जण गेले.

ती परत आली तेव्हा चौथा तास लागला होता, नागरिकशास्त्राचा. फळ्यावर प्रश्न होता: ग्रामपंचायतीची कामे लिहा. उत्तरातले पहिलेच काम पाणीपुरवठ्याचे. गणवेशाची बाही कोपरापर्यंत ओली, हात हंड्याच्या वजनाने लाल झालेले, आणि त्या हातांनी तिने 'गावाला पिण्याच्या पाण्याचा पुरवठा करणे' हे वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले. तिने मला काही विचारले नाही. मीही तिला काही विचारले नाही.

माण तालुक्यातली ती शाळा सोडून मला बरीच वर्षे झाली, पण ते दोन तास अजून डोक्यातून जात नाहीत. दोन्ही विषय मीच शिकवत होतो. गावाच्या त्या दिवसातली सर्वांत मोठी घटना माझ्या दोन तासांच्या मधून गेली आणि एकाही तासात तिला जागा मिळाली नाही. इंग्रजीच्या तासाला आमच्याकडे भाषेची वाक्ये होती, बोलण्यासारखे काही नव्हते. नागरिकशास्त्राच्या तासाला बोलण्यासारखे सगळे गाव समोर होते, आणि ते बोलायला लागणारी भाषा कुणी मुलांच्या हाती दिलेली नव्हती. सहावी ते आठवी या तीन वर्षांत हे दोन विषय एकमेकांत गुंफून शिकवायला हवेत, असे माझे ठाम मत त्या दिवसापासून तयार होत गेले. ते का, हे इथे मांडतो.

पाचवीपर्यंत आपल्याकडे 'परिसर अभ्यास' असतो. नावाप्रमाणे त्यात निदान परिसर तरी असतो: ओढा, बाजार, पीक, शेजारचा सुतार. सहावीत गेल्यावर त्याचे तुकडे पडतात. इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल, प्रत्येकाचे वेगळे तास, वेगळे स्वाध्याय. मूल अकरा-बारा वर्षांचे झालेले असते. घरातल्या कर्जाबद्दल, बांधावरच्या भांडणाबद्दल मोठ्यांचे बोलणे त्याला आता कळू लागलेले असते. आणि नेमक्या याच वयात शाळा त्याच्यासमोरून गाव उचलून घेते आणि त्या जागी कार्यकारी मंडळ आणि अक्षवृत्ते ठेवते. संसद किंवा अक्षवृत्ते शिकवू नयेत असे मी म्हणत नाही. ती गावापासून तुटलेली शिकवली जातात, हे मला खुपते.

इंग्रजी सुरू करण्याचे आपल्या राज्यातले वय तसे खाली-वर होत आले आहे. मुंबई राज्याच्या काळात ते आठवीपर्यंत पुढे ढकलले गेले, नंतर पाचवीवर आले. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते पहिलीपासून सुरू झाले. त्या निर्णयावर तेव्हा पुष्कळ टीका झाली, मराठी बुडेल असे म्हटले गेले. मला तो निर्णय मनापासून योग्यच वाटतो. शहरातल्या मुलाला तिसऱ्या वर्षापासून मिळणारी गोष्ट वाडीवरच्या मुलाला अकराव्या वर्षी का मिळावी, हा त्यामागचा प्रश्न न्यायाचा होता. मात्र वर्षे वाढवली म्हणजे भाषा वाढते, हे त्यात गृहीत धरले गेले. २०२३ च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींना इंग्रजीची साधी वाक्ये वाचायला दिली होती. ५७.३ टक्क्यांना ती वाचता आली. वाचता आलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला नाही. अक्षरे जोडून आवाज काढता येतो आणि आत काय आहे ते कळत नाही, अशी ही मुले. ती आळशी आहेत किंवा मंद आहेत असे जो म्हणेल त्याने एकदा वर्गात येऊन बसावे. त्यांना आजवर इंग्रजीत कुणी एकही खरी गोष्ट सांगितलेली नाही, आणि त्यांच्याकडून ऐकलेलीही नाही.

मग सेमी इंग्रजी आले. पालकांना ते आवडले, पटसंख्या टिकवायला शाळांनीही ते घेतले. त्यातली वाटणी बघण्यासारखी आहे: गणित आणि विज्ञान इंग्रजीत, इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र मराठीत. या वाटणीतून मुलाला न सांगता एक शिकवण मिळते. पुढे जायच्या, पैसे मिळवायच्या गोष्टी इंग्रजीत असतात आणि आपले गाव, आपले पूर्वज, आपले हक्क मराठीत असतात, ते परीक्षेपुरते. आठवीतल्या मुलाला 'फोटोसिंथेसिस' पाठ असते. आपल्या गावात पाणी का नाही, हे दोन इंग्रजी वाक्यांत सांग म्हटले तर तो खाली बघतो. मराठीत सांग म्हटले तरी पुष्कळदा खालीच बघतो, हे अधिक वाईट.

इंग्रजीच्या तासाला आशय हवा, ही काही माझी नवी कल्पना नाही. आपल्याच देशात, अगदी साध्या शाळांत तिची चाचणी होऊन गेली आहे, आणि आपल्या शिक्षक प्रशिक्षणात तिचे नावही निघत नाही याचे मला वाईट वाटते. एन. एस. प्रभू हे मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये इंग्रजी शिक्षणाचे काम पाहत. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी बेंगळुरू, मद्रास अशा ठिकाणच्या नेहमीच्या शाळांत एक प्रयोग केला. तीस-तीस, साठ-साठ मुलांचे वर्ग, घरी इंग्रजीचा गंध नसलेली मुले. त्यांनी व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवला आणि वर्गात कामे आणली. रेल्वेचे वेळापत्रक समोर ठेवायचे: अमुक गावाहून सकाळी निघून तमुक गावी दुपारच्या आत पोचायचे तर कोणती गाडी धरावी? नकाशा समोर ठेवायचा: या चौकातून त्या चौकात जायचा जवळचा रस्ता कोणता? आधी एक काम शिक्षकाने सगळ्या वर्गाबरोबर बोलत बोलत सोडवायचे, मग तसेच दुसरे मुलांनी आपापले सोडवायचे. गुण मिळत ते गाडी बरोबर सापडली की नाही यावर. वाक्य बिनचूक होते का, हा प्रश्न मागे राही. मुलाचे लक्ष गाडी पकडण्यात असते तेव्हा भाषा त्याच्या हाताखाली येत जाते, हे प्रभूंचे म्हणणे. १९८७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ते सविस्तर मांडले.

आता जरा पाहा, वेळापत्रक आणि नकाशा या कोणत्या विषयाच्या वस्तू आहेत? प्रभूंनी इंग्रजी जगवायला जे साहित्य आणले ते भूगोलाच्या कपाटातले होते.

आमच्याकडे एवढ्या साध्या कामांना तोटा नाही. रेल्वे स्थानकावरची पिवळी पाटी घ्या. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत गावाचे नाव, आणि बऱ्याच पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंचीही. कल्याण, कर्जत, लोणावळा, पुणे एवढ्या चार पाट्यांवरच्या उंच्या मुलांनी मिळवल्या की सह्याद्री वहीत उभा राहतो: कल्याण-कर्जत जवळजवळ समुद्राच्या पातळीला, मग लोणावळ्याला एकदम सहाशे मीटरांच्या वर, आणि पुणे पुन्हा थोडे खाली, पण साडेपाचशेच्या वरच. भोर घाटातून १८६३ साली गाडी धावली, ती या चढावर. यावर सहावीचे मूल चार इंग्रजी वाक्ये सहज करते, कारण 'हायर', 'लोअर', 'बिटवीन' हे शब्द त्याला आता कशासाठी तरी हवे असतात. हे मी करून पाहिले आहे. तुलनेची जी रूपे फळ्यावर तीन-तीन तास शिकवूनही बसत नसत, ती घेऊन मुले एका तासात लोणावळ्याला चढली.

दुसऱ्या बाजूने पाहू. समाजशास्त्राच्या, म्हणजे इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र यांच्या, तासाला कशाची उणीव आहे? माहितीची नक्कीच नाही. सहावीला स्थानिक शासन, सातवीला संविधानाची ओळख, आठवीला संसदीय पद्धती, असा क्रम चांगला विचार करून लावलेला आहे. उणीव आहे ती मुलाच्या तोंडी येणाऱ्या भाषेची. 'सार्वभौम', 'गणराज्य', 'विकेंद्रीकरण' हे शब्द मराठी आहेत म्हणून मुलाला कळतात, हा आपला फार मोठा गैरसमज आहे. वाडीवरच्या मुलाला 'सार्वभौम' आणि 'सॉव्हरिन' सारखेच परके असतात. 'थोडक्यात उत्तरे लिहा', 'टिपा लिहा', 'सकारण स्पष्ट करा' असे म्हटले की वर्ग गाईड उघडतो. स्पष्ट करणे म्हणजे काय हे त्याने कधी केलेलेच नसते. प्रश्न विचारणे, दोन बाजू ऐकणे, समोरच्याने दिलेले कारण पुरेसे आहे की नाही हे तपासणे ही सगळी भाषेची कामे आहेत. भाषेच्या तासाला ती होत नाहीत कारण तिथे समानार्थी शब्द चालू असतात. नागरिकशास्त्राच्या तासाला ती होत नाहीत कारण तिथे अभ्यासक्रम संपवायचा असतो.

मध्य प्रदेशात 'एकलव्य' या संस्थेने १९८० च्या दशकात सहावी ते आठवीसाठी समाजशास्त्राची वेगळी पुस्तके तयार केली आणि ती सरकारी शाळांत वापरून, सुधारून घेतली. मुलांना कळेल अशी बोली-वळणाची हिंदी, गोष्टीसारखे पाठ, आपल्या गावाशी तुलना करायला लावणारे प्रश्न. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने नागरिकशास्त्र हे नावच सोडले आणि त्या जागी 'सामाजिक आणि राजकीय जीवन' आणले. तो चांगला काळ होता. महाराष्ट्रात मात्र या वाटेने आपण फार चाललो नाही. इतिहासाच्या पुस्तकात कोणते घराणे किती पानांत असावे यावर आपण वर्षानुवर्षे भांडतो. मूल त्या पानांचे काय करते, हा प्रश्न त्या भांडणात येतच नाही.

हे दोन तास जोडले तर काय होऊ शकते, ते मला एका गावाने शिकवले. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंडांचे छोटे गाव आहे. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या त्यांच्या घोषणेमुळे ते नाव महाराष्ट्राला माहीत झाले. घोषणेइतकीच मोलाची अशी तिथली दुसरी गोष्ट म्हणजे अभ्यासगट. गावकरी एकत्र बसून कायदे, शासनाचे निर्णय वाचत, समजून घेत, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या बाहेरच्या मित्रांशी चर्चा करत, आणि मग ग्रामसभेत एकमताने निर्णय घेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. सुमारे अठराशे हेक्टर जंगल, आणि त्यात मुबलक बांबू. तरी बांबू विकता येईना. कारण एक शब्द आडवा आला.

१९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूही घातलेला होता. झाड म्हणजे लाकूड, आणि लाकूड वनखात्याचे. २००६ च्या कायद्याने मात्र 'गौण वनोपज' या व्याख्येत मध, मेण, तेंदूपाने यांच्या पंगतीला बांबूही बसवला होता, आणि गौण वनोपजावर गावाची मालकी मानली होती. वनस्पतीशास्त्राला विचाराल तर बांबू हे गवत. गावाने नव्या कायद्यातली ती व्याख्या धरून ठेवली. २०११ साली केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतूक पासांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. १९२७ च्या कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून बांबू निघायला २०१७ उजाडले.

ही हकीकत मी आठवीच्या मुलांना सांगतो तेव्हा वर्ग शांत होतो. मग आम्ही फळ्याचे दोन रकाने करतो. डावीकडे मराठीत 'झाड', 'गवत', 'गौण वनोपज'. उजवीकडे कायद्याच्या इंग्रजीतले 'ट्री', 'ग्रास', 'मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस'. 'इन्क्लूड्स' या एका क्रियापदावर आमचा निम्मा तास जातो. 'अमुक म्हणजे तमुक' आणि 'अमुकमध्ये तमुकही धरावे' यात फरक काय? कुणी धरले? कशासाठी धरले? उलटे धरले असते तर कुणाचा फायदा होता? आठवीच्या मुलाला हे समजत नाही असे कुणी सांगू नये. बांधावरचे आंब्याचे झाड कुणाचे, यावर त्याच्या घरात तीन पिढ्या बोलत आल्या आहेत. व्याख्येचे महत्त्व त्याच्याइतके कुणाला कळणार? व्याकरणाच्या पुस्तकातली 'इन्क्लूड' या शब्दाची दहा वाक्ये पाठ करून जे होत नाही ते इथे होते. त्या शब्दाला आता वजन आलेले असते.

इंग्रजी आपल्याला कशासाठी हवी, याचे उत्तर बहुतेक जण नोकरी असे देतात. ते खरेच आहे, आणि गरिबाच्या पोराने नोकरीसाठी इंग्रजी मागितली तर त्यात कमीपणा काही नाही. पण या देशात केंद्राचा कायदा, उच्च न्यायालयाचा निकाल, बँकेच्या कर्जाच्या अटी, विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरे आजही मुख्यतः इंग्रजीत लिहिली जातात. भोगायचे मराठीत आणि ठरायचे इंग्रजीत, अशी ही रचना आहे. ती बदलावी, न्यायालयांत आणि कार्यालयांत मराठी वाढावी, यासाठी जे लढतात त्यांच्या बाजूने मी आहे. ती बदलेपर्यंत मात्र आपल्या मुलांना ठरते तिथपर्यंत पोचता यायला हवे.

हे आपल्या थोरांना फार पूर्वी कळले होते. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन मांडले ते इंग्रजीत. मागणी होती रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची, आणि त्या मुलांनी काय शिकावे हेही त्यात होते: मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास-भूगोलाची आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे थोडे पाठ. शेती आणि व्याकरण एकाच दमात. त्याही आधी पन्नास वर्षे, ६ जानेवारी १८३२ रोजी, विशीतल्या बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले तेव्हा एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी असे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले. एका रकान्यातून सरकारला इकडचे कळावे, दुसऱ्यातून इकडच्यांना तिकडचे. मराठी वृत्तपत्राचा जन्मच दोन रकान्यांत झाला आहे. आमच्या फळ्यावरच्या रकान्यांना मी मनातल्या मनात 'दर्पण' म्हणतो.

इतिहासाच्या तासासाठी या रकान्यांत बसणारा महाडइतका सकस विषय मला दुसरा माहीत नाही. महाडचा सत्याग्रह मुलांना २० मार्च १९२७ या तारखेपुरता माहीत असतो. तो तिथून सुरू होत नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला: सरकारी किंवा सार्वजनिक पैशाने बांधलेल्या, राखलेल्या पाणवठ्यांवर, धर्मशाळांत, शाळांत, दवाखान्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना मज्जाव नसावा. ठराव संमत झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा आपला ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, आणि तीन वर्षे कुणी दलित त्या पाण्याला हात लावू शकला नाही. मग बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तिथे गेले. त्यानंतर मारहाण झाली, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, विरोधकांनी दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की तळे सार्वजनिक नाही, आमचे आहे. उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने अखेरचा निकाल दिला तो १९३७ च्या मार्चमध्ये. ओंजळभर पाण्यापासून निकालापर्यंत दहा वर्षे, आणि न्यायालयातले भांडण पुन्हा एका शब्दाभोवती: 'पब्लिक', सार्वजनिक.

या हकीकतीत नागरिकशास्त्र आहे, कारण ठराव, अंमलबजावणी, नगरपालिका, न्यायालय हे सगळे इथे चालताना दिसते. इतिहास आहे, भूगोल आहे. आणि इंग्रजी आहे, कारण ठराव मांडला गेला त्या कायदेमंडळाचे आणि दावा लढवला गेला त्या न्यायालयाचे काम इंग्रजीतून चाले, तर सभेत माणसांना उठवणारे भाषण मराठीत झाले. बाबासाहेब दोन्ही रकान्यांत तितक्याच ताकदीने उभे होते. मूल त्यांचा पुतळा रोज पाहते. त्यांच्या हातातल्या पुस्तकाकडे त्याने या वाटेने जावे, अशी माझी इच्छा आहे.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते खरे आहेत आणि मी ते शिक्षक परिषदांतून वर्षानुवर्षे ऐकले आहेत. पहिला मराठीचा. समाजशास्त्रात इंग्रजी आणली की उरलीसुरली मराठी जाईल. जर कुणी इतिहास-भूगोल इंग्रजी माध्यमात न्यायला निघाले असेल तर ही भीती शंभर टक्के बरोबर आहे, आणि मी त्याला विरोध करीन. मी म्हणतो त्यात विचार मराठीत होतो, वाद मराठीत होतो, गावातल्या म्हातारीची मुलाखत तिच्या बोलीत होते. तयार झालेला विचार मग मूल उजव्या रकान्यात नेते. फलटणला मॅक्सीन बर्नसन या जन्माने अमेरिकन असलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी शाळा काढली ती मराठी माध्यमाची. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी त्यांना हे उमगले होते की मुलाचा पाया घरच्या भाषेत पडतो. विचार उजव्या रकान्यात नेताना गंमत अशी होते की डावा रकानाही सुधारतो. 'गावात पाण्याची समस्या आहे' हे वाक्य इंग्रजीत न्यायला गेले की मूल अडते: कुणाला? केव्हापासून? किती? आणि परत येऊन मराठी वाक्य नेमके करते.

दुसरा आक्षेप शिक्षकाच्या इंग्रजीचा. यावर मी कुणालाही बोल लावणार नाही. माझी स्वतःची इंग्रजी पुस्तकाबाहेर फारशी गेलेली नव्हती. पण या पद्धतीत शिक्षकाने वक्तृत्व करायचे नसते. आठ-दहा शब्द, पाच-सहा वाक्ये, एक खरा कागद. शब्दकोश टेबलावर उघडा ठेवून मुलांसमोर शब्द शोधायला मला आधी अवघड वाटे. नंतर कळले, मुलांना त्यातून धीर येतो. सरांनाही शोधावे लागते म्हणजे शोधणे हेच शिकणे.

तिसरा वेळेचा: विषय जोडायला तास कुठून आणायचे? विषय नुसते एकत्र बांधून तर झाले होते. दोन-तीन वर्षे आपल्याकडे दप्तराचे ओझे कमी करायला सगळे विषय एका पुस्तकात बांधून, वर्षाचे चार भाग करून दिले गेले. आत वहीची पानेही होती. पुढे ती योजना थांबली. मी ते पुस्तक हातात घेऊन पुष्कळदा विचार केला की बांधणी एक झाली, आतले पाठ मात्र एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. एकाच पुठ्ठ्यात ग्रामसभेच्या धड्याशेजारी इंग्रजीचा जाहिरातलेखनाचा धडा होता, आणि ग्रामसभेची सूचना दोन भाषांत लिहा एवढे सांगायला कुणाला सुचले नव्हते. जास्तीचा वेळ लागत नाही. आठवड्याचे इंग्रजीचे दोन आणि समाजशास्त्राचे दोन तास एका विषयाला दिले तर पुरतात.

चौथा आक्षेप मोठ्याने कुणी बोलत नाही. मुले प्रश्न विचारायला लागली तर गावात शिक्षकाला राहणे कठीण होईल. रेशनच्या धान्यावर, टँकरच्या खेपांवर, एखाद्या वस्तीला नळ का नाही यावर मुलांनी वही काढली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी शाळेत येते. हे माझ्या वाट्याला आलेले आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे अर्धेच आहे. मुलांना आधी नीट विचारायला शिकवावे: नमस्कार करून, कारण सांगून, उत्तर लिहून घेऊन, वाचून दाखवून. आरोप आणि प्रश्न यांतला फरक हाच या विषयाचा पहिला पाठ असावा. एवढे केल्यावरही कुणी रागावले तर मुख्याध्यापकांनी आणि केंद्रप्रमुखांनी शिक्षकाच्या मागे उभे राहायला हवे. ते उभे राहत नाहीत तिथे हे काम होणार नाही, आणि अशी गावे पुष्कळ आहेत.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी असावी की नसावी यावर महाराष्ट्र पेटून उठला. ते स्वाभाविक होते, आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला हे बरे झाले. त्या सगळ्या महिन्यांत मी वाट पाहत होतो की कुणीतरी विचारील: ज्या भाषा आत्ता शिकवतो आहोत, त्यांत मूल बोलते तरी कशाबद्दल?

त्या टँकरच्या दिवसानंतर पुढच्या उन्हाळ्याआधी मी पहिल्यांदा धीर केला. सहावीचा नवा वर्ग होता. ती मुलगी आता सातवीत होती, पण दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसत, म्हणून तीही होती. आम्ही 'दुष्काळ' हा शब्द घेतला. मुलांनी घरून शब्द आणले: दुष्काळ, टंचाई, काळ पडणे, पैसेवारी. वर्तमानपत्रात आणखी एक सापडला, 'दुष्काळसदृश'. हा शब्द पुढे २०१८ साली सगळ्या राज्याने ऐकला. ऑक्टोबरात आधी १८० तालुके दुष्काळसदृश ठरले आणि महिनाअखेर १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. 'सदृश' लागले की काय मिळते आणि सुटले की काय मिळते, यावर गावातली मोठी माणसेही गोंधळलेली होती. आम्ही उजवा रकाना भरला: 'ड्रॉट', 'स्कॅर्सिटी', 'ड्रॉट-लाइक'. मग मुलांनी आठ दिवस टँकरच्या खेपा मोजल्या. कुणी वेळ लिहिली, कुणी हंडे मोजले, एकाने टँकरवर लिहिलेले लिटर उतरवून आणले आणि घरांच्या संख्येने भागले.

नवव्या दिवशी प्रत्येकाने आपले पान वाचून दाखवले. त्या मुलीच्या पानावर डावीकडे आठ ओळी मराठी होती, उजवीकडे तीन वाक्ये इंग्रजी. व्याकरणात तिन्ही मोडकी. "टँकर कम इलेव्हन ओक्लॉक. पेपर से टू ट्रिप. वन कम." माझ्या हातात लाल पेन होते. मी ते टोपण लावून खिशात ठेवले आणि तिला विचारले, "पेपर म्हणजे कोणता कागद?"

ती थोडा वेळ थांबली. "ऐकलंय, सर. बघितला नाही."

"मग?"

"बघून येते," ती म्हणाली, आणि पानाच्या वर तारीख घालून, वही छातीशी धरून, मधल्या सुट्टीत ग्रामपंचायतीकडे निघाली. यावेळी तिच्यामागून अकरा जण गेले.